एका सुईत तीन विषाणू: रेबीजचा टायटर का उतरतो?

पत्र: आमचा पशुलसींवर काम करणारा छोटा गट आहे. पाळीव प्राण्यांकडून माणसाला होणाऱ्या विषाणूजन्य रोगांवर कुत्र्या-मांजरांसाठी एकच लस करायची असं ठरवून आम्ही रेबीज, एन्फ्लुएंझा (फ्लू) आणि काऊपॉक्स (देवीच्या कुळातला विषाणू) हे तीन निष्क्रिय घटक एकत्र केले. रेबीजचा घटक अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड या अॅडज्युव्हंटवर, म्हणजे लशीचा परिणाम वाढवणाऱ्या पदार्थावर, बसवलेला आहे. एन्फ्लुएंझाचा विषाणू डिटर्जंटने फोडून फॉस्फेट बफरमध्ये ठेवला आहे, आणि काऊपॉक्सचा फॉर्मालिनने मारलेला आहे. उंदरांत एकेकटी लस चांगली चालते, पण तिन्ही एकत्र टोचल्या की रेबीजचा टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, निम्म्यावर येतो. दोनदा करून पाहिलं. बाजारात सात-सात, नऊ-नऊ रोगांच्या लशी एका टोचणीत मिळतात, मग आमचंच कुठे चुकतं? रेबीजचा घटक दुप्पट घालावा का? की हा नाद सोडून व्हेक्टर लशीकडे, म्हणजे निरुपद्रवी विषाणूत रोगाच्या विषाणूचं जनुक बसवून केलेल्या लशीकडे, वळावं?
— एक तरुण संशोधक

उत्तर: सप्रेम नमस्कार.

रेबीजचा घटक दुप्पट घालू नका, निदान आत्ता तरी नाही. टायटर कशामुळे उतरतो हे कळायच्या आत प्रमाण वाढवलं तर बिघाड फक्त झाकला जातो. बाटली सहा महिने शीतकपाटात राहिली की तोच बिघाड पुन्हा वर येतो, आणि तोवर तुम्ही पुढच्या चाचण्यांवर वर्ष घालवलेलं असतं.

आधी मोजणी तपासा. तुम्ही एफएव्हीएन चाचणी (प्रतिपिंडं रेबीजच्या विषाणूला कितपत अडवतात हे मोजणारी) वापरत असाल तर त्यात सीरम, म्हणजे रक्तातला स्वच्छ द्रव, तिप्पट-तिप्पट पातळ करत नेतात आणि प्रत्येक पायरीला चार वेल (तबकडीतले खळगे) भरतात. म्हणजे दोन सीरममधला दुपटीचा फरक ही या चाचणीची एक अख्खी पायरीसुद्धा नव्हे. एकेकट्या लशीची सीरम एका आठवड्यात आणि एकत्रित लशीची दुसऱ्या आठवड्यात वाचली असतील, तर ‘निम्मा’ हा आकडा नुसत्या चाचणीच्या हेलकाव्यातूनही निघू शकतो. सगळ्या गटांची सीरम एकाच दिवशी लावा. संदर्भ सीरम तेच ठेवा, चाचणीत वापरायच्या सीव्हीएस-११ या रेबीज विषाणूची तुकडी एकच वापरा, आणि वाचणाऱ्याला कोणतं सीरम कोणत्या गटाचं हे कळू देऊ नका. सरासरी भौमितिक काढा. साध्या सरासरीत एखादाच जोरदार उंदीर अख्ख्या गटाला वर ओढतो.

एवढं करूनही फरक राहिला तर तो खरा समजा. आमचा अंदाज आहे की तो राहणार, कारण तुमच्या पत्रातच तीन संशयित उभे आहेत.

पहिला आणि सर्वांत मोठा संशय फॉस्फेटवर. अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पृष्ठभाग शरीराच्या पीएचला धन प्रभाराचा असतो, कारण त्याचा शून्य-प्रभार बिंदू (ज्या पीएचला प्रभार शून्य होतो तो) ११ च्या पुढे आहे. रेबीजचे कण ऋण प्रभाराचे, म्हणून ते त्याला चिकटतात. त्यात फॉस्फेट बफर ओतला की फॉस्फेटचे आयन पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांची जागा घेतात, प्रभार ऋणाकडे सरकतो आणि बसवलेला अँटीजेन (प्रतिकारशक्ती जागवणारा लशीचा घटक) हळूहळू सुटून पाण्यात येतो. नुसत्या डोळ्यांनी यातलं काहीच दिसत नाही. बाटलीत तोच पांढरा साका, तीच गढूळता. म्हणून साका खाली बसवून बघा. मिश्रण केल्यावर लगेच, १ तासाने, २४ तासांनी आणि ७ दिवसांनी थोडं मिश्रण हळू वेगाने सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या स्वच्छ द्रवात रेबीजच्या आवरणावरचं जी-प्रथिन एलायझाने (प्रतिपिंडं वापरून मोजणाऱ्या चाचणीने) मोजा. एकेकट्या रेबीज लशीत ते जवळजवळ शून्य आणि मिश्रणात दर खेपेला चढतं असेल, तर चोर सापडला. उपायही सोपा आहे: एन्फ्लुएंझाचा घटक डायलिसिसने ट्रिस-सलाइनमध्ये (फॉस्फेट नसलेल्या बफरमध्ये) आणा, त्याला स्वतंत्रपणे अॅल्युमिनियमवर बसवा, आणि दोन्ही साके तयार झाल्यावरच एकत्र करा. ओतण्याचा क्रम हीसुद्धा कृतीची एक पायरी आहे. ती वहीत लिहिलेली हवी, हाताच्या सवयीवर सोडू नका.

दुसरा संशय डिटर्जंटवर. एन्फ्लुएंझाचा विषाणू फोडायला ट्रायटन किंवा तत्सम काही वापरलं असेल आणि ते पुरतं काढलं नसेल, तर तेच डिटर्जंट शेजारच्या रेबीजच्या कणाचं मेदावरण सोलतं. रेबीजविरुद्ध निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं ज्या जी-प्रथिनावर बनतात, ते आवरणात तीन-तीनच्या जुळणीत रोवलेलं असतं. आवरण गेलं की प्रथिन तेवढंच राहतं पण त्याची घडी बिघडते, आणि बिघडलेल्या घडीवर बनलेली प्रतिपिंडं विषाणूला अडवत नाहीत. म्हणून एलायझासाठी प्रतिपिंड निवडताना घडी ओळखणारं मोनोक्लोनल (प्रथिनाच्या एकाच जागेला चिकटणारं प्रतिपिंड) घ्या. एकूण प्रथिन मोजलंत तर आकडा तसाच दिसेल आणि तुम्ही फसाल.

तिसरा फॉर्मालिन. काऊपॉक्सच्या घटकात मोकळं फॉर्माल्डिहाइड उरलं असेल तर ते साठवणीत रेबीजच्या प्रथिनांना एकमेकांशी बांधत राहतं. पहिल्या आठवड्यात टायटर ठीक आणि सहाव्या महिन्यात घसरलेला, ही त्याची खूण. सोडियम मेटाबायसल्फाइटने ते बांधून टाका आणि मगच मिसळा. रेबीजच्या घटकाकडूनही एक खबरदारी घ्या. विषाणू निष्क्रिय करणारं बीटा-प्रोपिओलॅक्टोन १:४००० प्रमाणात, ४ अंशांवर २४ तास, आणि मग ३७ अंशांवर २ तास ठेवून ते पूर्ण विघटित होऊ द्या. विघटनात आम्ल तयार होतं, त्यामुळे बफर कच्चा असेल तर पीएच घसरतो. सुरुवातीला आणि शेवटी पीएच मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे तिन्ही रसायनाचे बिघाड झाले. चौथी शक्यता प्राण्याच्या प्रतिकारशक्तीतली: एका जागी टोचलेले अँटीजेन एकमेकांशी स्पर्धा करतात आणि जोरदार अँटीजेन दुबळ्याला मागे सारतो. रसायन आणि स्पर्धा वेगळी करायला उंदरांचे सहा गट पुरतात, प्रत्येकी १० तरी उंदीर:

१. नुसता रेबीज.
२. रेबीज अधिक एन्फ्लुएंझाचा बफर, आत अँटीजेन नाही.
३. रेबीज अधिक ट्रिसमध्ये आणलेला, डिटर्जंट काढलेला एन्फ्लुएंझा.
४. रेबीज अधिक काऊपॉक्स.
५. तिन्ही एकत्र, आत्ता करता तसे.
६. तिन्ही एकाच दिवशी, पण वेगवेगळ्या जागी टोचलेले.

दुसरा गट पडला तर दोष बफरचा. दुसरा उभा आणि तिसरा पडला तर स्पर्धा. पाचवा पडला पण सहावा उभा राहिला, तर घटकांत दोष नाही, त्यांच्या एकत्र येण्यात आहे. दुसरा गट बहुतेक जण गाळतात, कारण ‘नुसता बफर कशाला टोचायचा’ असं वाटतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच गटात आहे.

आता बाजारातल्या सात आणि नऊ रोगांच्या लशी. त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नका. त्यातले डिस्टेंपर, पार्वो, अॅडिनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएंझा हे बहुतेक क्षीण केलेले जिवंत विषाणू, गोठवून सुकवलेल्या वडीच्या रूपात. द्रव घटक वेगळ्या बाटलीत असतो आणि टोचण्याआधी वडी त्यात विरघळवतात. म्हणजे घटक एकमेकांच्या सहवासात काही मिनिटं असतात, तुमच्यासारखे महिनोन्महिने नाही. तरीही त्या द्रवाने जिवंत विषाणू मरत नाही ना, हे तपासावं लागतं. वडी त्या द्रवात आणि दुसरी निर्जंतुक पाण्यात विरघळवून २ तास खोलीच्या तापमानाला ठेवतात आणि दोन्हींतल्या जिवंत विषाणूचा टायटर ताडून पाहतात. फरक ०.७ लॉगपेक्षा (सुमारे पाचपटीपेक्षा) जास्त निघाला तर तो द्रव बाद. आणि मुख्य गोष्ट, त्या यादीतल्या विषाणूंपैकी माणसाला धोका असलेला रेबीजखेरीज कोणी नाही. लेप्टोस्पायरा धोक्याचा आहे, पण तो जीवाणू. नऊ रोगांची लस कुत्र्याला वाचवते. घरातल्या माणसांना वाचवायचं काम त्यातले एक-दोन घटकच करतात.

इथेच तुमच्या योजनेत आम्हाला मूळची अडचण दिसते. कुत्रा आणि मांजर यांच्यासाठी एकच लस हे सूत्र सोडून द्या, कारण दोघांकडून माणसाकडे येणारे विषाणू एक नाहीत. कुत्र्याच्या बाबतीत ही यादी रेबीजपाशीच जवळजवळ संपते. माणसांतले रेबीजचे ९९ टक्के मृत्यू कुत्र्यामुळे होतात. कुत्र्यांत फिरणारे एच३एन८ आणि एच३एन२ हे फ्लू घोड्याकडून आणि पक्ष्यांकडून आलेले, पण कुत्र्यापासून ते माणसाला लागल्याचं सिद्ध झालेलं नाही. म्हणून कुत्र्याच्या सुईत रेबीजशेजारी काऊपॉक्स आणि फ्लू घालणं म्हणजे ज्याचा उपयोग नाही ते घालून ज्याचा आहे त्याला धोक्यात आणणं. कुत्र्यासाठी जोड द्यायचीच तर लेप्टोची द्या.

मांजराचं तसं नाही. रेबीज आहेच. काऊपॉक्स युरोपातल्या रानउंदरांत राहतो, शिकारी मांजराला लागतो आणि मांजर हाताळणाऱ्याच्या कातडीवर काळ्या खपलीचं व्रण उठवतो. एन्फ्लुएंझात २०१६ साली न्यूयॉर्कच्या प्राणीनिवाऱ्यांतल्या मांजरांत एच७एन२ पसरला आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला लागण झाली. एच५एन१ ने पोलंडमध्ये २०२३ साली आणि अमेरिकेतल्या दुग्धशाळांवर २०२४ साली मांजरं मारली. तेव्हा तुमचे तीन घटक मांजरासाठी योग्य निवडलेले आहेत. पाळीव उंदीर, हॅमस्टर यांच्याकडून येणारे एलसीएमव्ही (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा विषाणू), सोल हंताव्हायरस किंवा हाँगकाँगमध्ये जानेवारी २०२२ मध्ये दिसला तसा हॅमस्टरकडून आलेला कोरोना, यांच्यासाठी लशीत शक्ती घालवू नका. दोन-तीन वर्षं जगणाऱ्या प्राण्याला एकेक करून टोचण्यापेक्षा पैदाशीच्या ठिकाणीच रक्त तपासून बाधित कळप काढणं जास्त कामाचं.

पण मांजर म्हटलं की अॅल्युमिनियम अडचणीचं. टोचल्या जागी होणाऱ्या सार्कोमाचा (कर्करोगाच्या गाठीचा) धोका अॅडज्युव्हंट असलेल्या लशींशी जोडला गेला, ही गोष्ट १९९१ पासून माहीत आहे. गाठ महिन्यांनी किंवा वर्षांनीही येते, म्हणजे तुमच्या छोट्या सुरक्षा चाचणीत ती दिसणारच नाही. आणि तीन अँटीजेन अॅल्युमिनियमवर बसवायचे तर अॅल्युमिनियमही वाढणार. म्हणून मांजराच्या लशीसाठी व्हेक्टरकडे वळा, असं आम्ही स्पष्ट सांगू. तुमचा शेवटचा प्रश्न तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बरोबर आहे.

त्याला आणखी एक कारण आहे. फॉर्मालिनने मारलेला पॉक्सव्हायरस फार काळापासून कमजोर लस म्हणून ओळखला जातो. हा विषाणू दोन रूपांत असतो: पेशीच्या आत तयार होणारं साधं रूप, आणि पेशीबाहेर पडताना आणखी एक आवरण पांघरलेलं रूप. शरीरात दूरवर पसरतं ते दुसरं. मारलेल्या लशीत मात्र जवळपास सगळं पहिलंच असतं, त्यामुळे बाहेरच्या आवरणावरच्या बी५ आणि ए३३ या प्रथिनांविरुद्ध प्रतिकार तयारच होत नाही. एकेकटा घटक ‘चांगला चालतो’ असं तुम्ही लिहिता, पण तुम्ही एलायझा मोजला असेल तर पुन्हा विचार करा.

एमव्हीए, म्हणजे मॉडिफाइड व्हॅक्सिनिया अंकारा, इथे दोन कामं करतो. कोंबडीच्या भ्रूणपेशींतून ५०० हून अधिक वेळा नेलेला हा विषाणू सस्तन प्राण्यांच्या बहुतेक पेशींत शिरतो, प्रथिनं बनवतो, पण वाढू शकत नाही. तो स्वतः ऑर्थोपॉक्स, म्हणजे काऊपॉक्सच्याच कुळातला, असल्याने काऊपॉक्सची लस आपोआपच होते. त्याच्या जीनोममधल्या रिकाम्या जागांपैकी एकीत रेबीजचं जी आणि दुसरीत एच५ फ्लूचं हिमॅग्लुटिनिन हे पृष्ठभागावरचं प्रथिन बसवलं की तीन घटकांच्या जागी एकच कण उरतो. मग बफरची भांडणंही संपतात आणि अॅल्युमिनियमची गरजही. बसवण्याआधी दोन्ही जनुकांचा क्रम वाचा. डीएनएची पाच टी अक्षरं, मग कोणतंही एक अक्षर आणि पुन्हा टी असा तुकडा दिसला तर अमिनो आम्ल न बदलता तो मोडा, कारण पॉक्सव्हायरसच्या सुरुवातीच्या जनुकांना तिथे थांबण्याची खूण मिळते आणि प्रथिन अर्धवट राहतं. एकाच अक्षराच्या लांब ओळीही तोडा, तिथे नक्कल घसरून उत्परिवर्तनं होतात. उत्पादनाला जितके पॅसेज (पेशींतून विषाणू वाढवण्याच्या फेऱ्या) लागणार त्याच्या पुढे आणखी पाच करून दोन्ही जनुकं जागेवर आहेत का ते तपासा. एकच प्रवर्तक (जनुक चालू करणारा तुकडा) दोन्ही जनुकांना दिलात तर सारखे तुकडे जुळून मधला भाग गळून पडतो. हा बिघाड वारंवार होतो आणि उशिरा कळतो.

यातही उणीव आहे. जो व्हेक्टर वाढत नाही त्याचा डोस वाढत्या व्हेक्टरपेक्षा बराच मोठा लागतो. दुसरं, एमव्हीए दर वर्षी टोचलात तर त्याच्याविरुद्धचीच प्रतिकारशक्ती पुढचा डोस बोथट करते. कुत्र्यांसाठी डिस्टेंपर किंवा कुत्र्याचा अॅडिनोव्हायरस-२ व्हेक्टर म्हणून घ्यायचा मोह होतो तेव्हाही हीच अडचण असते: लहानपणीच्या लशींमुळे त्या दोघांविरुद्ध प्रतिपिंडं आधीच भरलेली असतात.

आता फ्लूचा घटक एकाच कणात घालायचा की नाही, याचा निर्णय नीट घ्या. रेबीजचं जी-प्रथिन दशकानुदशकं तेच चालतं. एच५ मात्र बदलत राहतो. प्रकार बदलला की तुमचा सगळा कण नव्याने बांधायचा, नव्याने स्थिरता दाखवायची आणि रेबीजचीही परवानगी पुन्हा उघडायची. आम्ही तुमच्या जागी असतो तर रेबीज आणि ऑर्थोपॉक्स एका कणात ठेवले असते आणि फ्लू दुसऱ्या बाटलीत, त्याच भेटीत वेगळ्या पायाला टोचायला. सुया दोन झाल्या तरी चालतील.

चाचणीत काय मोजायचं, यावर तुमच्या पत्रात एक शब्दही नाही, म्हणून थोडं रेंगाळतो. तुमची लस माणसासाठी आहे, तेव्हा मांजर आजारी पडलं नाही एवढ्याने ती यशस्वी ठरत नाही. रेबीजमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही. लशीने रोग अडवला की लाळेतला विषाणूही अडतो. फ्लूमध्ये मात्र लस ताप आणि खोकला थांबवू शकते आणि नाकातून विषाणू वाहतच राहतो. असं मांजर मांडीवर येऊन बसतं, कारण ते आजारी दिसत नाही. म्हणून मुद्दाम विषाणूची बाधा दिल्यावर पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंत रोज नाक, घसा आणि गुदद्वाराचे स्वॅब घ्या. त्यातला जिवंत विषाणू एमडीसीके पेशींवर (कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या, फ्लू वाढवायच्या पेशींवर) मोजा. नुसत्या पीसीआरवर थांबू नका, तो मेलेल्या विषाणूचं आरएनएही मोजतो. प्रत्येक बाधित मांजरासोबत २४ तासांनी एक न टोचलेलं मांजर त्याच खोलीत सोडा आणि त्यालाही रोज तपासा. सोबतीण मांजराच्या स्वॅबमध्ये विषाणू आला नाही तर तुमच्या लशीने माणसासाठी काही केलं असं म्हणता येईल. एच५एन१ साठी हे काम जैवसुरक्षा पातळी ३ च्या प्राणीगृहातच.

रेबीजची अट मात्र जुनी आणि कडक आहे, ती मिश्रणासाठी सैल होत नाही. डोसमागे किमान १ आययू (आंतरराष्ट्रीय एकक). बाधा चाचणीत २५ टोचलेले प्राणी आणि १० न टोचलेले. न टोचलेल्यांपैकी ८० टक्के दगावले पाहिजेत, नाहीतर बाधाच कमजोर होती. टोचलेल्यांपैकी किमान २२ जण ९० दिवस निरोगी राहिले पाहिजेत. आणि ही बाधा तुम्ही जितकं संरक्षण सांगता, एक वर्ष किंवा तीन, तितका काळ उलटल्यावर द्यायची, महिन्याभरात नाही. हे सगळं एकत्रित लशीच्या अंतिम रूपावर करावं लागतं. एकेकट्या रेबीज लशीची जुनी कागदपत्रं इथे चालत नाहीत.

एक घटक वाढला की दुष्परिणामही वाढतात, हे प्राणीपालकांना सांगायची तयारी ठेवा. १२ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवरच्या २००५ च्या अमेरिकी अभ्यासात, १० किलोपर्यंतच्या कुत्र्यांत त्याच भेटीत दिलेल्या प्रत्येक जादा लशीमागे दुष्परिणामांचा धोका २७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. यात पेशी वाढवायला वापरलेल्या बैलाच्या सीरममधल्या, लशीत उरलेल्या प्रथिनांवर बराच संशय आहे. तीन १ मिलीचे घटक १ मिलीत आणायचे म्हणजे प्रत्येक तिप्पट घट्ट करायचा, आणि त्यासोबत ही नको असलेली प्रथिनंही तिप्पट होतात. माणसांच्या रेबीज लशीत बैलाच्या अल्ब्युमिनची (सीरममधल्या मुख्य प्रथिनाची) मर्यादा डोसमागे ५० नॅनोग्रॅम आहे. तुमच्यावर ती बंधनकारक नसली तरी तिच्या जवळ जा.

शेवटी, एफएव्हीएन करताना तुमच्यापैकी कोणाच्या तरी हातात जिवंत सीव्हीएस-११ असतो. त्या प्रत्येकाला रेबीजची प्रतिबंधक लस झालेली हवी आणि दर सहा महिन्यांनी टायटर ०.५ आययू प्रति मिलीच्या वर आहे का ते तपासलेलं हवं. पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारतो: शेवटची तपासणी कधी झाली? सहा गटांचे उंदीर मागवण्याआधी तेवढं रक्त द्या.